आडातच नाही, तर सौरपंपात कुठून येणार?

बेळगाव जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवले, तर एकाच जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख भेटतात. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो. अथणी, रामदुर्गच्या माळावर तोच पाचशे-सहाशे मिलिमीटरवर थांबतो आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नसते. राज्याची सीमा ओलांडून जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढ्याकडे गेले किंवा विजापूरकडे वळले, तरी चित्र बदलत नाही. पाटी मराठीतून कन्नडमध्ये जाते, कोरडी विहीर तशीच राहते.

या सगळ्या पट्ट्यात एक गोष्ट मात्र भरपूर आहे. मराठीत तिला ऊन म्हणा, कन्नडमध्ये ‘बिसिलु’ म्हणा, वर्षातले बहुतेक दिवस ती आकाशातून फुकट ओतली जाते. मग सौर ऊर्जा सर्वांत आधी आणि सर्वांत वेगाने इथेच पसरायला हवी होती. सरकारी योजना आहेत, अनुदान आहे, पॅनेलच्या किमतीही गेल्या पंधरा वर्षांत खूप उतरल्या. तरीही गावोगावी चौकशी केली, तर ‘बघू या’ हेच उत्तर जास्त ऐकू येते. हे ‘बघू या’ आळसातून आलेले नाही. त्यामागे पाणी, पैसा आणि अनुभव यांचा पक्का हिशेब आहे. तो समजून घेतल्याशिवाय शेतकऱ्याला मागासलेला ठरवणे अन्यायाचे होईल.

पाणी आटले की वीजही आटते

पाणी आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण मानतो. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ बरेचसे एक आहे. कोळशावरच्या वीज केंद्राला वाफेसाठी आणि थंड करण्यासाठी प्रचंड पाणी लागते. बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, पाणी नव्हते.

जलविद्युतेचे तर सांगायलाच नको. कोयनेचे पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरते आणि अनेक उन्हाळ्यांत कृष्णाकाठची चिक्कोडी-अथणीकडची गावे त्याच कोयना-वारणेतून थोडे पाणी खाली सोडा म्हणून महाराष्ट्राकडे डोळे लावून बसतात. पाण्याचा एकच घोट, मागणारे हात दोन.

२०२३ साल आठवा. कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके त्या वर्षी दुष्काळग्रस्त जाहीर झाले. धरणे न भरल्याने जलविद्युत घटली. पाऊस नाही म्हणून शेतकऱ्यांचे पंप मात्र जास्त चालू लागले. मागणी वर आणि पुरवठा खाली, अशा कात्रीत ऑक्टोबरमध्ये शेतीची वीज कित्येक ठिकाणी सात तासांवरून पाच तासांवर आली. ज्या वर्षी विजेची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी ती सर्वांत कमी.

सौर पॅनेल आणि पवनचक्की यांना वीज तयार करताना जवळजवळ पाणी लागत नाही. पॅनेलवरची धूळ धुवायला लागते तेवढेच. दुष्काळी वर्षात ऊन कमी पडत नाही, उलट ढग कमी असतात. म्हणजे आपल्या भागाला या विजेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. मग घोडे अडते कुठे?

फुकट वीज आणि रात्रीचा पहारा

पहिला अडसर विचित्र आहे. आधीची वीजच फुकट आहे. कर्नाटकात २००८ पासून १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ करण्याची योजना आली. आपल्याकडे अनेक घरांत भाऊ अथणी तालुक्यात आणि बहीण जत तालुक्यात दिलेली असते. दोघांच्याही शेतावरचा मीटर आता नावापुरताच. अशा घरात जाऊन कोणी म्हणाले, ‘सौरपंप घ्या, विजेचे बिल वाचेल,’ तर कोणते बिल, हाच प्रश्न येणार.

पण फुकट विजेची किंमत दुसऱ्या वाटेने वसूल होते. ती बऱ्याचदा रात्री येते. कमी दाबाने येते. मोटर जळते, ट्रान्सफॉर्मर जळतो आणि दुरुस्त होईपर्यंत पीक माना टाकते. ज्या ग्राहकाकडून एक रुपयाही येत नाही, त्याच्या तक्रारीला वीज कंपनीकडे, मग ती हेस्कॉम असो की महावितरण, किती वजन असणार? थंडीच्या दिवसांत मध्यरात्री बॅटरी हातात घेऊन उसात पाणी पाजायला जाणारा माणूस सापाच्या, रानडुकराच्या भीतीने जीव मुठीत धरून चालतो आणि घरातली माणसे तो परत येईपर्यंत जागी राहतात. हा खर्च कोणत्याही बिलावर छापला जात नाही.

म्हणून सौरपंपाचा खरा फायदा पैशांत मोजू नये. तो दिवसाच्या पाण्यात आहे. विक्रेते आणि अधिकारी बिलाच्या बचतीवर बोलत राहतात. ‘रात्री घरी झोपाल’ हे एक वाक्य सांगितले, तर घरातल्या बायका आधी ऐकतील.

सहाशे फुटांचा हिशेब

दुसरा अडसर जमिनीखाली आहे. सौरपंपाची जाहिरात पाहिली, तर पाण्याची जाड धार धो धो पडताना दिसते. ती बहुधा उथळ विहिरीची असते. आपल्या पूर्व भागात बोअर पाचशे, सहाशे आणि त्याहूनही खोल जातात. इतक्या खोलीवर काय होते, याचा ढोबळ हिशेब कोणालाही घरी करता येतो.

सहाशे फुटांवरून एक हजार लिटर पाणी वर आणायला, पंपाची नेहमीची गळती धरून, साधारण एक युनिट वीज लागते. पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाला सुमारे ४८०० वॉटचे पॅनेल असतात. चांगल्या उन्हात ते दिवसाला वीसेक युनिट देतात. म्हणजे दिवसाला वीस हजार लिटर पाणी. एका एकराला पाटाने दोन इंच पाणी द्यायचे, तर दोन लाख लिटर लागतात. एक एकर भिजवायला दहा दिवस! तेच पाणी शंभर फुटांवर असते, तर काम दोन दिवसांच्या आत उरकले असते.

‘सोलरवर पाणी पुरत नाही’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. पॅनेल बरोबर असतात, पाणी फार खाली गेलेले असते. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. ठिबकावर एक एकर द्राक्षाला किंवा डाळिंबाला रोज पंधरा-वीस हजार लिटर पाणी साधारणपणे पुरते. तेलसंग, तिकोटा, जतकडच्या द्राक्षबागायतदाराला त्याच पंपात एकराची बाग सांभाळता येईल. पाटाने ऊस पाजणाऱ्याचे मात्र भागणार नाही. खोल बोअरवर सौरपंप घेणे म्हणजे पीक आणि पाणी देण्याची पद्धत बदलणे. ही गोष्ट पंप बसवण्याआधी सांगायला हवी. ती नंतर कळते, म्हणून निराशा पसरते आणि शेजारच्या दहा जणांचे अर्ज थांबतात.

उताऱ्यावरची नावे

तिसरा अडसर कागदाचा आणि पैशाचा. केंद्र सरकारची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ मध्ये सुरू झाली. स्वतंत्र सौरपंपासाठी केंद्राने ३० टक्के, राज्याने किमान ३० टक्के आणि उरलेले शेतकऱ्याने द्यायचे, अशी तिची मूळ रचना. पुढे कर्नाटकाने आपला वाटा ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा शेतकऱ्याचा भार २० टक्क्यांवर आला. महाराष्ट्राच्या २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत तो १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवला गेला. कुसुमची उद्दिष्टे आधी २०२२ पर्यंत गाठायची होती, नंतर मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवावी लागली. यावरूनच वाट किती चढाची होती ते कळते.

टक्केवारी कागदावर सोपी दिसते. पण उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव असते. बोअर तीन भावांत सामाईक, पाळी आठवड्याची. अर्ज कोणाच्या नावाने करायचा? पॅनेल कोणाच्या बांधावर उभे करायचे? मोठ्या भावाच्या शेतात उभे केले, तर उद्या वाटणी झाल्यावर ते कोणाचे? ज्या घरात नवरा गेलेला आहे आणि शेत बाई कसते, तिचे नाव बहुधा उताऱ्यावर चढलेलेच नसते. अनुदानाची योजना अशा वेळी तलाठ्याच्या दाराशीच थांबते. आणि ज्याच्याकडे विहीर नाही, बोअर नाही, जमीनच नाही, त्याला या योजनेत जागा नाही. दुष्काळाचा चटका मात्र सर्वांत आधी त्यालाच बसतो.

यात भीतीही मिसळलेली आहे. सोलर घेतला, तर लाइटचे कनेक्शन कायमचे जाईल का? आषाढ-श्रावणात आठ दिवस ऊन पडले नाही तर? कंट्रोलर बिघडला, तर तालुक्याला दुरुस्त करणारा कोणी आहे का? योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची देखभाल असते खरी, पण कंपनीचा फोन लागेपर्यंत मिरची वाळून जाते. विजेच्या मोटरचा मिस्त्री गावातच असतो. सोलरचा मिस्त्री गावात तयार होईपर्यंत माणसे जुन्या वाटेनेच जाणार. यासाठी आयटीआयच्या अभ्यासक्रमाइतके उपयोगी दुसरे काही नाही.

मोठे प्रकल्प, छोटी माणसे

अपारंपरिक ऊर्जा आपल्या भागात नाही, असे नाही. गदगच्या डोंगरांवर, जतच्या माळांवर पवनचक्क्या कधीपासून फिरत आहेत. तुमकूर जिल्ह्यातील पावगडा हा कायम दुष्काळी तालुका. तिथे पाच गावांच्या सुमारे तेरा हजार एकरांवर २०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले. त्याचे उद्घाटन २०१८ मध्ये झाले. जमीन विकत न घेता एकरी वर्षाला २१ हजार रुपये भाड्याने घेतली गेली, ही चांगली गोष्ट. जिरायत जमिनीतून तेवढे हाती लागत नव्हते. पण ज्यांना जमीन नव्हती, त्यांची शेतमजुरी गेली आणि मेंढ्या-गुरांची कुरणे कुंपणाआड गेली. भाडे उताऱ्यावरच्या नावाला मिळते, राबणाऱ्या हातांना नाही.

आपल्या साखर कारखान्यांची सहवीजही नूतनक्षम ऊर्जेतच मोजतात. बगॅस जाळून वीज होते, उसापासून इथेनॉल होते. पण हा ऊस वाढतो कृष्णा-घटप्रभेच्या पाण्यावर आणि जिथे कालवा नाही तिथे बोअरवर. पाऊस कमी झाल्याने साखर घटेल असे दिसताच केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवले. ज्या ऊर्जेचे मूळ पाण्यात आहे, ती दुष्काळात आधार देत नाही, हे त्या वर्षी पुन्हा दिसले.

फुकट उन्हाचा धोका

इथपर्यंतचे अडथळे सरकार आणि पैसा मिळून दूर करू शकतील. शेवटचा अडथळा तसा नाही, आणि तोच सर्वांत गंभीर आहे.

समजा, सगळ्यांना सौरपंप मिळाले. वीज फुकट, तीही दिवसा, पूर्ण दाबाने, रोज आठ तास. मग पंप बंद कोण करील? आज रात्रीची अपुरी वीज नकळत भूजलावर पहारा ठेवते. तो पहारा उठेल. भारत जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आहे. केंद्राच्या २०२४ च्या अहवालानुसार वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर पाणी आपण जमिनीतून काढतो आणि त्यातले ८७ टक्के शेतीला जाते. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा बोअरही त्याच खडकातून पाणी घेतो. शिवारातले पन्नास पंप दिवसभर चालले, तर मार्चमध्येच गावच्या नळाला हवा येते आणि घागर घेऊन बाहेर पडावे लागते ते घरातल्या बाईला.

हा धोका योजना आखणाऱ्यांना ठाऊक नव्हता, असे नाही. राजस्थानने २०११ च्या सुमारास सौरपंपांना मोठे अनुदान देताना शेततळे आणि ठिबक यांची अट घातली होती. कुसुमच्या नियमांतही अतिउपसा झालेल्या भागात नवे स्वतंत्र पंप न देता जुने डिझेल पंप बदलण्यापुरती सवलत आणि सोबत सूक्ष्म सिंचन, असे बंधन आले. पण अट कागदावर असते, पंप शेतात असतो, आणि निवडणुका दर पाच वर्षांनी असतात.

ढुंडीच्या शेतकऱ्यांनी काय केले?

या गाठीवर एक उपाय गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात करून पाहिला गेला. भूजलाचे अभ्यासक डॉ. तुषार शाह यांची कल्पना साधी होती. सौर वीज हेही एक पीक समजा. शेतकरी पाण्यासाठी लागेल तेवढी वीज वापरील, उरलेली विकील. वीज विकून पैसे मिळू लागले, की पाणी वाया घालवणे म्हणजे पैसे वाया घालवणे हे त्याला न सांगता कळेल.

ढुंडीत सहा शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, २०१६ मध्ये तिची नोंदणी झाली. वडोदऱ्याच्या मध्य गुजरात वीज कंपनीने त्यांच्याशी युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने पंचवीस वर्षांचा करार केला. बदल्यात त्यांनी तेवढा काळ सवलतीच्या विजेच्या जोडणीवरचा हक्क सोडला. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेने वरून पाणी वाचवल्याचा बोनस दिला. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने ‘सूर्यशक्ती किसान योजना’ आणली. कर्नाटकानेही ‘सूर्य रैत’ नावाने हाच विचार कनकपुरा तालुक्यातील हारोबेले भागात ढुंडीच्या आधीच करून पाहिला होता.

यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. शेतातला पंप वर्षातले चार-पाच महिनेच नेमाने चालतो. स्वतंत्र सौरपंपाचे पॅनेल उरलेला काळ उन्हात नुसते तापत राहतात. वर वीस युनिटांचा जो हिशेब केला, त्याने वर्षाला सहा-सात हजार युनिट होतात. त्यातली निम्मी जरी साडेचार रुपयांनी विकली, तरी चौदा-पंधरा हजार रुपये घरात येतील. दुष्काळी वर्षात पीक गेले, तरी ऊन जात नाही. हा एक प्रकारचा विमाच म्हणायचा.

पण गोम दरात आहे. शेजाऱ्याला पाणी विकून जास्त मिळत असेल, तर शेतकरी वीज विकणार नाही, पाणीच विकील. वीज कंपनीने पैसे वेळेवर दिले नाहीत, तर विश्वास पहिल्याच वर्षी संपेल. तारा जुन्या असतील, तर वीज उलट्या दिशेने जाणारच नाही. म्हणून अलीकडे दोन्ही राज्यांचा भर आहे तो उपकेंद्राजवळ एक-दोन मेगावॉटचा प्रकल्प उभारून सगळ्या फीडरला दिवसा वीज देण्यावर. त्यात कोणाला पंप बदलावा लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२३ च्या योजनेत अशा प्रकल्पाला जमीन देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. गरिबांच्या दृष्टीने ही वाट अधिक न्यायाची आहे. फक्त पाणी वाचवण्याचे बक्षीस तिच्यात नाही. ते गावालाच ठरवावे लागेल.

गावाने ठरवले तर होते, याचे उदाहरण दूर नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर मारायला बंदी केली आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची पद्धत घातली. आधी पाण्याचे बजेट, मग पंप. क्रम उलटा झाला, की उत्तम यंत्रही शत्रू होते.

घरात बसून ठरवण्यासारखे

सौरपंपाचा अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांनी, मुलाबाळांसकट, एक संध्याकाळ काढावी. मे महिन्यात आपल्या बोअरचे पाणी किती फुटांवर असते, ते मोजून लिहून ठेवले आहे का? ठिबक आधी बसवता येईल का? उताऱ्यावर कोणाची नावे आहेत आणि घरातल्या बाईचे नाव कधी चढणार? भावाभावांत पॅनेलची आणि पाळीची लेखी नोंद होईल का? उरलेली वीज विकायची सोय आपल्या फीडरवर आहे का, हे वीज कंपनीच्या कचेरीत विचारले आहे का? आणि आपल्या विहिरीजवळच गावच्या पिण्याच्या पाण्याचा बोअर आहे का?

शेवटचा प्रश्न ग्रामसभेतही विचारायला हवा. तो कन्नडमध्ये विचारा की मराठीत, उत्तर एकच येईल. ऊन ज्याच्या त्याच्या अंगणात पडते, पण खडकाखालचे पाणी सगळ्या गावाचे आहे. आडातच उरले नाही, तर सर्वांत महागडे पॅनेलही पोहऱ्यात काही आणू शकणार नाही.